कागद घरी नेतो

बाबा, चिखलीची आपली ट्रान्सपोर्टची ब्रँच बंद झाली. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते काम माझ्याकडेच येणार, कारण तुमच्यानंतर ब्रँचच्या युनियनचा सेक्रेटरी मी होतो. गोदामाच्या शटरला आता दुसऱ्याच कुणाचं कुलूप आहे. आत खताच्या गोण्या ठेवतात म्हणे. बाजार समितीकडे जाताना तो रस्ता लागतो, म्हणून हल्ली मी मागच्या गल्लीने जातो. लांब पडतं, पण पडू दे.

तुम्ही गेलात तेव्हा ट्रान्सपोर्ट जुन्याच मालकाचं होतं. नंतर एका मोठ्या कंपनीने ते घेतलं आणि आमच्यावर मॅनेजर पाठवायचा सपाटा लावला. एक रुळला असं वाटेपर्यंत दुसरा यायचा. एकाने हमालांना निळे टी-शर्ट वाटले, पुढच्याने ते परत मागितले. त्याच्यानंतरच्याने हजेरी मोबाईलवर आणली. फोनसमोर तोंड धरायचं, फोनने ओळखलं की हजेरी लागायची. तुरीची गाडी खाली करून आलेल्या माणसाचं तोंड त्याची बायको ओळखत नाही, तिथे फोन काय ओळखणार? माणसं टाकीवर जाऊन तोंड धुऊन यायची, तर वरून विचारणा व्हायची की कामाच्या वेळेत तोंडं कसली धुता. तुम्ही असतात तर त्या मॅनेजरला फोनसकट ट्रकमध्ये चढवून दिलं असतं, असं आम्ही चहा पिता पिता म्हणायचो आणि हसायचो. ब्रँचमधली प्रत्येक तक्रार शेवटी 'बुढा असता त' या शब्दांवर येऊन थांबायची. मला ते ऐकायला फार आवडायचं.

तुमचं ते वाक्य तर आमच्याकडे घोषणेसारखंच झालं होतं. मॅनेजरने कसलाही कागद पुढे केला की तुम्ही तो हातात घ्यायचात, वरखाली पाहायचात, चार घड्या घालून खिशात पेनाच्या मागे सारायचात आणि म्हणायचात, "कागद घरी नेतो, उद्या सांगतो." सायबाने कितीही आदळआपट केली तरी त्या दिवशी सही नाही म्हणजे नाही. मागून हमालांच्या टोळीला सांगायचात, "सायबानं घाई केली म्हंजे समजाचं, कागदात काहीतरी काळं हाय."

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई चुलीपुढे बसली आहे, तुम्ही भिंतीला टेकून पाटावर, आणि मालकाकडचा कागद आईच्या हातात. ती एका हाताने भाकर उलटते आणि दुसऱ्या हाताने कागद उजेडाकडे धरून वाचते. कागदाच्या कडेला ज्वारीचं पीठ लागलं आहे. तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात. मध्येच म्हणता, "पुन्हा वाच." ती पुन्हा वाचते. मी चौथीत होतो आणि वर्गात धडा वाचायला गुरुजी मलाच उभं करायचे. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "बाबा, मी वाचून दाखवतो." तुम्ही डोळे उघडलेत. "तुयं काम नाही हे. जाय, अभ्यास कर." इतक्या जोराने बोललात की मी दप्तर उचलून थेट ओसरीवर गेलो. पुष्कळ दिवस मला वाटायचं की युनियनचं काहीतरी गुपित असणार, जे लहान मुलांना कळू देत नाहीत.

तो कागद रात्रीच्या गाड्यांचा होता, एवढं मला ओसरीवरूनही ऐकू आलं. रात्री गाडी आली तर पाळीपाळीने टोळीने ती खाली करायची, असं त्यात होतं. आई वाचून थांबली आणि म्हणाली, "अहो, रात्री गाडी खाली केली, त सकाळी पोतं कोणं उचलाचं? त्याच माणसानं? ह्याच्यात त काही लिहेलच नाही." दुसऱ्या दिवशी तुम्ही मॅनेजरला नेमकं हेच विचारलंत. तो डोकं खाजवत बसला आणि शेवटी रात्रीच्या माणसाला सकाळची सुट्टी मिळाली. तेव्हापासून ब्रँचची ती रीतच पडली. कागद आला की तो घरोघरी बायकांच्या कानावर घालायचा आणि मग दुसऱ्या दिवशी काय ते ठरवायचं. दुसऱ्या ब्रँचचे लोक आपल्याला हसायचे, पण आपल्याइतकं पदरात पाडून घेणं कुणालाच जमलं नाही.

मी बारावी होऊन त्याच ब्रँचमध्ये बुकिंगला लागलो, त्या दिवशी तुम्ही खिशातलं पेन काढून मला दिलंत. "सही जपून करजो. घाई करू नको," इतकंच म्हणालात. मला ते पेन फार मोठं वाटलं. बाकीच्या हमालांच्या खिशात तंबाखूची पुडी असायची, माझ्या बापाच्या खिशात पेन. पण मी खुर्चीवर पंख्याखाली बसणारा, टोळी मला 'बाबू' म्हणायची. प्रेमाने म्हणायचे, तरी त्यात थोडी टोचणी असायचीच. मला सेक्रेटरी केलं तेही तुमच्या नावावर, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

गेल्या हिवाळ्यात शेवटचा मॅनेजर आला तो नागपूरकडचा तरुण मुलगा होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. एका दुपारी तो गोदामात आला, थप्पीतल्या एका पोत्यावरच बसला आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. चिखलीची ब्रँच बंद होणार. सगळा माल यापुढे दुसरबीडजवळ, नव्या महामार्गालगतच्या मोठ्या गोदामात जाणार. तिथे जुन्या लोकांना घेतील, पण सगळ्या ब्रँचच्या मिळून माणसं जास्त आणि जागा कमी. जी ब्रँच आधी हो म्हणेल तिचे लोक आधी. त्याने कागद माझ्या हातात दिला.

"चिखलीचे सगळे बसतात, भाऊ. मी स्वतः पाहिलं. फक्त आज संध्याकाळपर्यंत हो कळवा."

"आजच?"

"आजच. संध्याकाळी पोर्टल बंद होते. मग माझ्या हातात काही नाही."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उभ्या उभ्या कागद वाचला. चार घड्या घातल्या, खिशात तुमच्या पेनाच्या मागे सारला आणि म्हणालो, "कागद घरी नेतो, उद्या सांगतो." कुणीतरी शिट्टी मारली. तुमचे जोडीदार काका, ज्यांनी जन्मभर तुमच्यासोबत पोतं धरलं, ते हसून म्हणाले, "आरे पाय पाय, बुढाच बोलून राह्यला!" टाळ्या पडल्या. बाबा, ब्रँच बंद होणार हे नुकतंच कळलेली माणसं टाळ्या वाजवत होती.

मॅनेजर माझ्या मागोमाग टाकीपर्यंत आला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, घाई मी करून नाही राहिलो. वरून घाई आहे. एकदा माझं ऐका." मी म्हणालो, "साहेब, तुमच्या आधीचेही सगळे असंच म्हणायचे." तो मागे वळून गोदामात गेला.

घरी मी रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात बसून बायकोला कागद वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकूनही घेतला नाही. "मग हो म्हणूनच याचं होतं ना! एसटी जाते दुसरबीडले. ह्याच्यात विचाराचं काय?" मी म्हणालो, आपली रीत आहे. ती कणीक मळत राहिली. घरोघरी त्या संध्याकाळी हेच झालं असणार. सकाळी सगळे धुतलेले शर्ट घालून, केस विंचरून आले. सगळ्यांचं हो होतं. मॅनेजर आधीच येऊन बसला होता. त्याच्यासमोरच्या चहावर साय धरली होती. जळगाव जामोदच्या ब्रँचने आदल्या दिवशी ऊन उतरायच्या आत हो कळवलं होतं, आणखी कुठल्या कुठल्या ब्रँचनीही, आणि जागा भरल्या होत्या. जामोदच्या माणसाला दुसरबीड म्हणजे बिऱ्हाडच हलवायचं. तरी त्यांनी हो म्हटलं. तेही आपल्याच युनियनचे, त्यामुळे कुणाच्या नावाने घोषणा द्यायच्या हेही आम्हाला सुचेना. मी वरच्या युनियनला फोन लावला. तिकडून एवढंच विचारलं, "तुम्ही काऊन थांबले?"

आता टोळीतले काही जण हंगामापुरते कापसाच्या जिनिंगमध्ये जातात, काही रोज सकाळी बाजार समितीच्या फाटकाशी उभे राहतात, दोघे बायकापोरं घेऊन पुण्याला गेले. मी बियाण्याच्या दुकानात बिलं करतो. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. भेटले की अजून 'बाबू' म्हणतात आणि चहाला थांबवतात. कुणी चारचौघांत माझी गचांडी धरली असती तर मला बरं वाटलं असतं.

परवा स्टँडच्या कँटीनमध्ये काका भेटले. पोटात इतके दिवस साचलेलं मी बोलून टाकलं. म्हणालो, "काका, मी बाबांची रीत पाळली हो."

काकांनी कप खाली ठेवला. "रीत? कायची रीत बे? तुया बापाले वाचता कुठं येत होतं! पार्सलवरचं गावाचं नाव वाचे, सही करे, बस. कागद वाचाले तुई माय लागे, म्हणून घरी ने." मग माझं तोंड पाहून दचकले. "तुले मालूम नव्हतं?"

"नाही."

"आमच्यातल्या अर्ध्यांचं तेच होतं. म्हणून त कागद घरी न्याले आमी बी हाव म्हणो." मग म्हणाले, "तू वाचनारा मानूस. आमाले वाटलं, तुले कागदात काही दिसलं असंल, म्हणून थांबला."

मी चहा तसाच ठेवून उठलो. घरी आलो तर आई दारात बसून मेथी निवडत होती. मी तिला सरळ विचारलं, "आई, बाबांना वाचता येत नव्हतं?" तिने मान वर केली नाही. "येत होतं," म्हणाली. "तुया बाबाले समदं येत होतं." आणि पुढची जुडी सोडली.

बाबा, मला राग आला तो तुमचा नाही. चौथीतल्या पोरासमोर तुम्हाला कमी दिसायचं नव्हतं, एवढंच ना? मी तुम्हाला कशाने कमी समजलो असतो? तुम्ही नड होती म्हणून कागद घरी नेलात आणि त्या नडीतून सगळ्यांचं भलं केलंत. मी तीच गोष्ट नड नसताना केली. तुमचं पेन मी आता वापरत नाही, कपाटात ठेवलं आहे. त्याची रिफील तुम्ही बदललेली मी कधी पाहिली नव्हती, हेही आत्ता लिहिताना लक्षात आलं.

हे पत्र कुठे पाठवणार? पाठवता आलं असतं तरी तुम्हाला ते वाचून दाखवायला आईच लागली असती, आणि आईला मी हे दाखवणार नाही. तिने इतकी वर्षं जे झाकून ठेवलं ते झाकलेलंच राहू दे.

एकच सांगायचं राहिलं. तो कागद मला गोदामात उभ्या उभ्याच कळला होता. त्यात काळं काही नव्हतं. मला तिथेच हो म्हणावंसं वाटलं होतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि 'बुढाच बोलून राह्यला' असं एकदा तरी कुणीतरी म्हणावं, अशी मला फार इच्छा होती.