सोवळ्यातली गोळी

कल्याण, आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८२०

दादा,

ठाण्याच्या डॉक्टरांकडून तू आणलेल्या गोळ्यांचा गुण आला रे. दोन वर्षं सुजलेला चेहरा उतरला, जिभेचा जडपणा गेला, बांगड्या मनगटावरून घसरायला लागल्या. सासूबाई म्हणतात, देवीने त्यांचा नवस ऐकला. म्हणून आजचा नैवेद्य माझ्याच हातचा हवा.

आणि काल तू जाता जाता सांगितलंस, की या गोळ्या मेंढीच्या गळ्यातल्या गाठीपासून करतात! आधी नाही सांगवलं तुला? घरात कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा कुणी पिणार नाही. बंद कराव्यात, तर डॉक्टर म्हणतात सूज परत येईल.

मामंजी वाचल्याशिवाय माझं एकही पत्र टपालात टाकत नाहीत. तेव्हा हे चुलीतच जाईल; तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहाटे न्हाले, सोवळं नेसले. बाटली हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग गोळी गिळली आणि पुरण शिजत घातलं.

भाऊबीजेला मला काही विचारू नकोस. ओवाळणीच्या लुगड्याच्या घडीत, न सांगताही, दुसरी बाटली मात्र असू दे.

तुझ्यावर रागावलेली,
ठकू