“न्हाई वळखत, साहेब”

प्रिय दादा,

परवा तुमचा तेरावा झाला. भावकी जेवून उठली आणि भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, “आंधळ्या भनीला आता मीच सांभाळनार.” लोकांनी त्याला शाबासकी दिली. मी उष्ट्या पत्रावळ्या उचलत होते. त्याला काय सांगणार? सांगायचंय ते तुम्हाला, म्हणून लेकीचं बापाला हे पत्र. ठिपक्यांच्या लिपीत टोचतेय. कोण वाचून दाखवणार, असं विचारू नका. तुम्हाला तर शाईचं अक्षरही येत नव्हतं.

लहानपणी देवी आल्या आणि माझे डोळे गेले. त्यानंतर पाहुणे आले की तुम्ही मला मागच्या खोलीत बसवायचात. का हो दादा? पाहुणे मला खाणार होते?

मग पुण्याहून त्या बाई आल्या. स्वतः आंधळ्या, काठी टेकत आलेल्या. “मुलीला माझ्याकडे द्या. वेताच्या खुर्च्या विणायला शिकवते. स्वतःचं पोट भरेल.” आई रडली. तुम्ही लगेच हो म्हणालात. किती बरं वाटलं होतं मला! पुढे कळलं, गावात तुम्ही सांगत होता, “हौसाला मावशीकडं धाडलीय.”

सुरुवातीला वेतानं बोटं सोलून निघायची. बाई म्हणायच्या, “रड, पण हात थांबवू नकोस.” शिकले. कासारवाडीला आम्ही तिघी मैत्रिणींनी खोली घेतली. चूल आमची, कुलूपही आमचं. पहिल्या कमाईचं लुगडं आईला धाडलं, तर तुम्ही तिला सांगायला लावलंत की ते लेकानं आणलं!

पिंपरीच्या माळावर नवा कारखाना झाला, तिथं तुम्ही फाटकावर रखवालदार लागलात. कचेरीच्या खुर्च्या विणायचं काम आम्हाला मिळालं. खुर्च्या पोचवायला मी बैलगाडीतून आले, तेव्हा तुमचा खोकला लांबूनच ओळखला. फाटकाशी साहेब आले, विणीवरून हात फिरवून खूश झाले.

“मामा, ही बाई तुमच्या थेरगावची म्हणे. ओळखता का?”

“न्हाई वळखत, साहेब.”

हात पुढे केला असता तर तुमच्या बाहीला लागला असता, दादा! मी केला नाही. साहेबांना म्हटलं, “मीही नाही ओळखत.” तुम्ही खोकला दाबलात, तेही ऐकलं.

त्यानंतर मी घरी आले नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात, तरी निरोप नाही. एकदा तरी “हौसाला बोलवा” म्हणालात का? आईला विचारलं. ती नुसती माझ्या बोटांवरून हात फिरवत राहिली.

काल सकाळी मी निघाले. भाऊ ओरडला, “कुठं चाललीस? लोक काय म्हनतील?”

“माझ्या घरी. काम खोळंबलंय.”

मागून आईचा आवाज आला. “थांब गं. मी बी येते.”

“आये, तू कुठं?” भावानं विचारलं.

“लेकीकडं. आजवर कुनाला सांगू दिलं न्हाई. आता सांगून जाते.”

आणि खरंच, अख्ख्या आळीतून ती दारोदार सांगत चालली, “हौसाकडं चाललेय. खुर्च्या इनती माझी हौसा!” तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तुम्ही तरी ऐकला होता का?

आई आता माझ्याजवळ आहे. तिला काही कमी पडू देणार नाही आणि तिच्यापुढे तुमच्याबद्दल वाईट बोलणार नाही, एवढं वचन देते. राग सोडीन, असं वचन मात्र मागू नका.

तुमचीच लेक,
हौसा