नाल्यापलीकडचे चार कोस

प्रिय अन्नपूर्णा,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा डोकं फिरलं, म्हणून खुशाली वगैरे मागून. आधी माझं ऐक. तू लिहितेस, "वाट बिकट आहे, तरी आपण येण्याचे कष्ट घेऊ नयेत. सासूबाई येणार आहेत." आपण? घेऊ नयेत? मास्तरांशी लग्न झालं म्हणून सख्ख्या आईला काय शाळेच्या इन्स्पेक्टरसारखं पत्र लिहायचं असतं? पहिलीत असताना तू मला "आई, तू लवकर ये, मी रुसले" अशी चिठ्ठी लिहून चुलीजवळ ठेवली होतीस. ती चिठ्ठी या पत्रापेक्षा शंभरपट शहाणी होती.

आणि सासूबाई! त्या फार भल्या आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण दिवस मावळला की त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही, हे तूच मला मागच्या दिवाळीला लिहिलं होतंस. अंधारात बाळंतीण त्यांनी सांभाळायची की बाळंतिणीने त्यांना? पण त्या काटक आहेत, चालू शकतात. मी जाडी आहे. एवढं एकच तुला लिहायचं होतं, पण दोन पानं भरलीस आणि तेवढंच लिहिलं नाहीस. नर्सबाईंनी या खेपेला तुला प्रवास बंद सांगितला आहे, तेव्हा तू माहेरी सावलीला येऊ शकत नाहीस. मी तिकडे यायचं नाही. मग मुलीचं बाळंतपण आईने टपालाने करायचं का, हे मला गुणवंतरावांनी एकदा फळ्यावर लिहून समजावून सांगावं.

माझं वजन कसं वाढलं ते तरी तुम्हा कोणाला ठाऊक आहे का? आपल्या घरात रोज एका माणसाचा भात जास्त शिजतो, आल्यागेल्याचा म्हणून. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत. वर्षातून दहा दिवस कोणी येतं, बाकीचे दिवस कोणी येत नाही. सगळ्यांची जेवणं झाली की तो भात माझ्यापुढे उरतो. अन्न टाकायचं नाही, सकाळी शिळं कोणी खायचं नाही, मग तो जातो कुठे? पंचवीस वर्षं आला न आला त्या पाहुण्याचं जेवण मी जेवले. आणि तुझे बाबा परवापरवापर्यंत लोकांना कौतुकाने सांगत, आमच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे, हिच्याकडे पाहा. असा संताप येतो म्हणून सांगू!

तुला आठवत असेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तुमच्या गावचा सुकलू आपल्या घरी आला होता. जंगलखात्याच्या कामाने गडचिरोलीला आला, तसाच नदी ओलांडून तू दिलेली चारोळी पोचवायला सावलीपर्यंत आला. दुपारी ओसरीवर बसून जेवला, दोन शब्द बोलला आणि गेला. त्या रात्री आल्यागेल्याचा भात मी खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी तो भात गाईला घातला आणि तांदळाच्या मापातून कायमची एक वाटी काढून टाकली. सुकलू काय बोलला ते पुढे सांगते. ते सांगायला अजून धीर गोळा करते आहे.

एकटीने काही झालं नसतं. शेजारच्या रुखमाबाईचे गुडघे गेलेले, कंपाउंडरच्या आशाबाईला दोन पायऱ्या चढल्या की धाप. आम्ही तिघींनी मारुतीच्या पारामागे बसून ठरवलं की प्रत्येकीने दोन नेम धरायचे, एक चुलीपाशी आणि एक स्वतःसाठी. रुखमाबाईचा चुलीचा नेम, स्वयंपाक करताना चाखायचं नाही. हसू नकोस, तिचं चाखणं म्हणजे वाटीभर वरण. आणि स्वतःसाठी, येत्या रोवण्याला बांधावर बसून हुकूम न सोडता सुनांच्या ओळीत वाकून धान रोवायचं. आशाबाईने दुपारचं तळण बंद केलं, आणि वर्तमानपत्र नवऱ्याला न विचारता स्वतः वाचायचं ठरवलं. माझा चुलीचा नेम मोजून शिजवायचा. स्वतःसाठी काय, म्हणून दोघींनी विचारलं तर मी म्हटलं, चार कोस एका दमात चालायचं. चारच का, ते मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही.

वजन कुठे करणार? सावलीत माणसं तोलायचा काटा नाही. धानाच्या गिरणीत पोती तोलायचा मोठा काटा आहे, तिथे दर गुरुवारी दुपारी गिरणी बंद असताना आम्ही जायचो. पारड्यात बसायचं, पाय पोटाशी घ्यायचे आणि दुसऱ्या पारड्यात मुखरू हमाल लोखंडी वजनांचे बाट रचत जायचा. पहिल्या दिवशी मी दोन मण आठ शेर भरले, म्हणजे अठ्ठ्याऐंशी शेर. मुखरू म्हणाला, "बाई, मायावाला काटा तुमाले पाहून लाजून राह्यला." मी त्याला असं झापलं की पुढच्या गुरुवारपासून तो मान खाली घालून बाट ठेवायचा. पण गावाची तोंडं कोण बंद करणार? घागर घेऊन निघालं की बाया विचारायच्या, गिरणीत भाव काय लागला? सुना आल्या, जावई आले, आता कोणासाठी बारीक होता? म्हणजे बाई मोठी झाली की तिने जागच्या जागी फुगत बसावं आणि मरावं, असंच ना?

पौषापर्यंत माझे तीन शेर उतरले. त्यासाठी मी किती भांडले असेन! तुझे बाबा म्हणायचे भात कमी पडला, मी म्हणायचे तुम्हाला पुरला, आल्यागेल्याला पडला. संक्रांतीला कोणाकोणाच्या घरी हात जोडून तिळाचे लाडू परत केले. आणि मग माघातल्या एका गुरुवारी मुखरूने शेवटचा बाट ठेवला आणि ओरडला, "एकोणऐंशी!" आदल्या गुरुवारी मी पंच्याऐंशी होते. आठवड्यात सहा! रुखमाबाई पाचाने उतरली, आशाबाईही पाचाने. आशाबाई तर तिथेच रडली. आम्ही तिघींनी माझ्या चुलीवर पुऱ्या तळल्या, वडे केले, तुपातला शिरा केला आणि तीन दिवस जेवलो. तुला ते मोठ्या अक्षरातलं कार्ड टाकलं ते त्याच दिवशी. "सहा शेर उतरले, आता मी येऊ शकते."

अन्नपूर्णा, ते कार्ड खोटं होतं. मुद्दाम नव्हे. पुढच्या गुरुवारी गिरणीच्या मालकाने सांगितलं की सरकारने नवे बाट दिले आहेत, किलोचे, आणि एक किलो आपल्या शेरापेक्षा वजनदार. म्हणून आकडा उतरला, आम्ही नाही. मुखरूला शेर आणि किलोतला फरक कोणी सांगितला नव्हता, आणि आम्हाला तर कोणी काहीच सांगितलं नव्हतं. दिल्लीत बसून शेर बदलायचा आणि सावलीतल्या तीन बायांना पुऱ्या तळायला लावायचं! मी गिरणीत उभी राहून सरकारला, मालकाला, मुखरूला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि तू मात्र त्या कार्डाला उत्तर धाडलंस, "वाचून आनंद झाला." तुझा तो आनंद माझ्या घशात अडकून बसला आहे.

त्या दिवशी मी सगळं सोडून दिलं. घरी आले आणि पातेलं पुढे ओढून थंड भात कालवून खाल्ला, उभ्या उभ्या. रुखमाबाई मागच्या दाराने आली, तिने पाहिलं. ओरडली नाही. माझ्याजवळ बसून म्हणाली, "काऊन रडून राह्यली व इंदुताई? सहा शेराचाच त सवाल हाये. आज नाई त उद्या उतरन." तेव्हा मी तिला चार कोसांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काठी घेऊन दारात उभी. "चाल. आज पयल्या दगडापावतर." त्या दिवसापासून आम्ही तिघी व्याहाडच्या रस्त्याने चालतो. पहिला आठवडा पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आशाबाई रस्ताभर वर्तमानपत्रातल्या बातम्या आठवून सांगते, म्हणजे आम्ही बसायला जागा शोधत नाही. माझा पाय मागे पडला की रुखमाबाई कंबरेवर हात ठेवून थांबते आणि मला पाहून गावातल्या प्रत्येक बाईचं नाव घेऊन शिव्या देते. मला हसू येतं आणि पाय उचलतात. होळीनंतर मी वैनगंगेच्या काठापर्यंत गेले, पाण्याला हात लावला आणि त्याच दिवशी चालत परत आले. मागच्या गुरुवारी एकाहत्तर भरले. किलो. नव्या बाटांनी, मी स्वतः विचारून घेतलं.

आता सुकलूचं सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तुला आठव्या महिन्यातच कळा लागल्याचा निरोप आला आणि मी निघाले. बैलांची बंडी नाल्यापर्यंत आली. पुढे चार कोस चिखल, बंडी जाईना. मी अर्धा कोस चालले आणि छाती भरून आली, एका मोहाच्या झाडाखाली बसले ती उठेना. मला घ्यायला नाल्यावर आलेला सुकलू धावत गावात गेला आणि आणखी तिघांना नि खाट घेऊन आला. तुमच्याकडे आजारी माणसाला खाटेवर घालून, बांबूला बांधून खांद्यावर नेतात, तसं त्यांनी मला नेलं. मी वाटेत तुझ्याबद्दल विचारत होते आणि ते काही बोलत नव्हते. मला वाटलं, माझ्या वजनाने त्यांना बोलवत नाही. तुझ्या दारात मला उतरवलं आणि त्याच खाटेवर तुला घालून तेच चौघं धावत दवाखान्याच्या वाटेला लागले. बाळ नाल्यापाशी गेलं. मी दोन वर्षं समजत होते की मला पोचायला उशीर झाला. माझ्या मनाने घेतलेला दोष तेवढाच होता.

पण सुकलू ओसरीवर जेवता जेवता सहज म्हणाला, त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, "बाई, तवा गावात आमी चारच गडी होतो, बाकी सारे रोवण्याले दुसऱ्या गावाले. सोमारीनं सकाळीच सांगतलं होतं का ताईले न्या म्हणून. पन खाट त तुमाले आणाले गेली होती ना." सोमारी तुमची दाई. म्हणजे ती सकाळपासून सांगत होती. म्हणजे तू दुपारपर्यंत दारात पडून खाटेची वाट पाहात होतीस, आणि खाटेवर मी होते.

मला राग याचा येतो, अन्नपूर्णा. तू मला हे कधीच सांगितलं नाहीस. गुणवंतरावांनी नाही, सोमारीने नाही. गावभर माहीत, फक्त मला नाही. तू माझ्याजवळ महिनाभर पडून होतीस, मी तुला पेज भरवत होते, आणि तू माझ्याकडे पाहून "आई, तू आलीस ते बरं झालं" म्हणालीस. कशाला म्हणालीस? शिव्या द्यायच्या होत्यास. भांडं फेकून मारायचं होतंस. आपण, घेऊ नयेत, असलं सभ्य पत्र लिहिण्यापेक्षा ते मला सोसलं असतं. तुझा राग तू गिळलास, आणि मी तुझ्या शेजारी बसून सुखाने जेवत राहिले, हे मला सहन होत नाही.

म्हणून हे पत्र. हे मी सावलीहून लिहीत नाही. नदीपासून मोटारीने, पुढे लाकडाच्या ट्रकने आणि कालपासून बंडीने आलो. रुखमाबाई बरोबर आहे, आता माझ्या शेजारी पाय पसरून बसली आहे. नाल्याच्या अलीकडे आहोत. पाणी नाही, बंडी पुढे गेली असती, पण मी ती मुद्दाम परत पाठवली. सुकलू इथे भेटला, तो आमच्यापेक्षा फार भरभर चालतो, म्हणून हे पत्र त्याच्या हाती पुढे धाडते आहे. गुणवंतरावांना सांग, मला आणायला एकही माणूस गावाबाहेर निघायचा नाही, मी उशिरा पोचले तरी नाही, वाटेत बसले तरी नाही. खाट तुझ्या दारात राहील. चौघंही तुझ्या दारात राहतील. ते सगळं तुझं आहे, मागच्या खेपेलाही तुझंच होतं. मी चालत येते आहे. मी आले की तू आधी माझ्यावर तो राग काढायचास. तो काढून झाल्याशिवाय मी चुलीला हात लावणार नाही.

तुझ्यावर रागावलेली, आणि तुझ्या रागाची वाट पाहणारी,
तुझीच
आई