सखूबाईचे पांढरे केस

१४ जानेवारी
तळवड्यात ऑडिशन. सिनेमा छोटा, काम मोठं. सखूबाई: जमीन कंपनीत गेलेली चाकणकडची म्हातारी. अकरा सीन! चोवीस वर्षांत माझ्या पात्राला नाव म्हणून मिळालं नाही. 'शेजारीण', 'नर्स', 'बाई २'. एका मालिकेत तर भिंतीवरचा हार घातलेला फोटो होते. दिग्दर्शक अगदी पोरगेला. माझं पांढरं डोकं बघून म्हणाला, "मावशी, केस असेच पाहिजेत." मग, "कळवतो."

३ फेब्रुवारी
'कळवतो' म्हणजे नाही. मी काय काल आले या धंद्यात? तरी फोनपाशी बसून असते. मूर्ख बाई.

९ फेब्रु.
माहेरी चऱ्होलीला, भाच्याच्या हळदीला. वहिनीने मेंदीवालीबरोबर काळा रंगही मागवलेला. फोटोसाठी घरातल्या सगळ्या बायका केस रंगवायला ओळीने बसलेल्या. "वन्सं, नवरदेवाची आत्या तुमी. पिकल्या केसांनी मिरवणार व्हय?" म्हटलं, लाव बाई. आता कुणासाठी ठेवायचे? छान दिसले. नाचलेसुद्धा.

१२ फेब्रु.
फोन आला. निवड झाली!!
आणि आरशात हे काळंभोर डोकं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१३ फेब्रु.
लपवणार किती दिवस? दिग्दर्शकाला फोन करून सांगून टाकलं. तो म्हणाला, "काम तुम्ही करालच हो मावशी. पण विग कॅमेऱ्यात कळतो. शूटिंग मेमध्ये आहे, एप्रिलअखेर बघू. तोवर दुसऱ्या एका बाईंशी बोलून ठेवतो." चूक माझी. त्याला काय बोलणार.

२८ मार्च
मुळाशी पांढरे, खाली काळे. पार्लरवाली म्हणते, रंग उतरवला तर पिवळे पडतील.
हे रोज संध्याकाळी समोर बसून बाकीच्यांचे संवाद वाचतात. रिटायर होऊन कंटाळलेत, हिरोचे वाचताना फारच रंगात येतात. पण काल माझा सातवा सीन असा लागला की हे पुढचं वाक्य वाचायचंच विसरले. हे काम माझं आहे. दुसऱ्या कुणाला देणार नाही.

१९ एप्रिल
यांना म्हटलं, तुमचं दाढीचं मशीन आणा, काळं तेवढं सगळं काढा.
"मी धडधाकट जिवंत असताना बायकोचं डोकं भादरू? लोक काय म्हणतील?"
घरभर येरझारा. मग स्वतःच गॅलरीत खुर्ची मांडली, खाली पेपर पसरला. काळं तेवढं सगळं काढलं. उरले ते इवले इवले, पण सगळे पांढरे! सारखी आरशात बघतेय. मला आवडलंय. दिग्दर्शकाला फोटो पाठवला.

२० एप्रिल
वहिनीला कुठून कळलं कोण जाणे. "वन्सं, हे काय करून बसलात! दाजी हायेत की चांगले!" मग रडायलाच लागली, "रंग मीच लावायला लावला" म्हणत. तिलाच समजवावं लागलं.
दिग्दर्शकाने फोटो बघितलाय. उत्तर नाही.

२१ एप्रिल
फोन! "मावशी, ही सखूबाई मी लिहिली नव्हती. पण काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये. उद्या दहाला या. त्या बाईंनाही बोलावलंय. दोघींचा सातवा सीन बघतो."
बघ म्हणावं.
हे म्हणतात, रिक्षात बसताना तरी डोक्यावरून पदर घे. नाही घेणार. ज्याला बघायचंय त्याने खुशाल बघावं.