अध्यक्षबाई आणि सभेचा चहा

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज, शिलाई मशीनवर बसून बसून कंबर वाकायचं विसरली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? रिटायर झाल्यावरही तू त्यांना मेट्रनच्याच थाटात औषधं पाजतेस असं भाचीकडून कळलं, तेव्हा त्यांची काळजी करत नाही. पत्रास कारण की, लहानपणी जिला तू 'मुखदुर्बळ' म्हणायचीस ती तुझी बहीण आमच्या शिवणकाम सोसायटीची अध्यक्ष झाली आहे. बसलीस का खाली? आता सविस्तर ऐक.

मध्यंतरी एक बाई आम्हाला नेतृत्व शिकवायला यायला लागल्या. शिकायचं कुठे, तर जिन्याखाली. बाई म्हणायच्या, मान ताठ ठेवा. मान ताठ केली की डोकं पायरीला आपटायचं. (काज-बटणवालीला तर हे भलंमोठं टेंगूळ आलं.) त्यात इस्त्रीवाले कपड्यांचे गठ्ठे घेऊन 'सरका, सरका' करत मधूनच जायचे. वरच्या मजल्यावर चांगली हवेशीर खोली मोडक्या मशिनी ठेवून अडवलेली. ती बायकांना द्या, तिथे हिशेब वाचायला शिकू, सभेत बोलायला शिकू, उद्या यातूनच कुणी सुपरवायझर होईल, असं मी कटिंगमास्तरांना सांगितलं. हे आमचे अध्यक्ष, मी नोकरीला लागले तेव्हापासूनचे. म्हणाले, नेतृत्व अंगात असावं लागतं, त्याला खोली कशाला? म्हटलं, मग तुमच्या केबिनला टाळं लावू का? तेव्हा म्हणाले, सभेत ठराव आणा.

खरी मेख इथेच होती. सोसायटीत बायका पुष्कळ, पुरुष मोजके. तरी आजवर आमचा एक ठराव पास होईल तर शपथ. कारण सभा रंगात आली की मास्तर घसा खाकरायचे आणि आम्ही चहाला उठायचो. एक आधण ठेवायला, एक कपबशा विसळायला, उरलेल्या गप्पांना. (दिवसभर मशिनींच्या खडखडाटात बोलणार कधी?) चहा घेऊन यावं तर सगळं ठरवून पुरुषमंडळी कपांची वाट बघत बसलेली. कुणी कुरकुर केली की मास्तर नियम दाखवायचे: खोलीत हजर असतील त्यांचं बहुमत. नियमही त्यांनीच केलेला.

या खेपेला मी सगळ्यांना बजावलं, आभाळ कोसळलं तरी बूड हलवायचं नाही. मास्तर खाकरले. आम्ही ढिम्म. पुन्हा खाकरले, तर काज-बटणवालीने त्यांना खोकल्याची गोळी दिली. शेवटी त्यांनी एका इस्त्रीवाल्याला चहाला पिटाळलं. त्याला साखर सापडेना म्हणून दुसरा गेला. दूध उतू गेलं म्हणून उरलेले धावले. आणि "एक चहा होत नाही तुमच्याच्यानं!" असं ओरडत खुद्द मास्तरही गेले. ताई, मी उभी राहिले. आवाज थेट तुझ्यासारखा निघाला गं. खोली बायकांची आणि अध्यक्ष मी, दोन्ही ठराव हात वर करून पास! मास्तर परतल्यावर मी त्यांना त्यांचाच नियम वाचून दाखवला. चहा त्यांनी न गाळताच आणला होता, तरी मी दोन कप प्यायले.

तेव्हा तिकडे कुणा बाईला सभेत बोलायची भीती वाटत असेल, तर बिनधास्त माझा पत्ता दे.

तुझी धाकटी
(अध्यक्ष)

ता. क. खोली आम्ही घासूनपुसून लख्ख केली. वर्ग मात्र अजून जिन्याखालीच भरतो. त्याचं असं झालं, अध्यक्ष म्हणून माझी पहिलीच सभा. खोलीची किल्ली ताब्यात घ्यायचा विषय निघाला आणि मास्तर नुसते खाकरले गं. मी उठले ती थेट आधण ठेवलं. अध्यक्ष उठल्या म्हणून मागोमाग साऱ्या बायका उठल्या! (याला नेतृत्व नाही तर काय म्हणायचं?) परत येईतो खोली कापडाच्या ताग्यांना देऊन झाली होती. चहा फक्कड झाला, असं मास्तर स्वतः म्हणाले. घरी येऊन मी रडले. सुपरवायझर व्हायचंय ते काज-बटणवालीलाच, आणि तिचं टेंगूळ बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ता. ता. क. येत्या शनिवारी पुन्हा सभा आहे, ठराव फिरवता येईल. तू ये. (पाहुण्यांना परवानगी अध्यक्ष देतात, म्हणजे मीच.) बोलू नकोस काही, फक्त माझ्या शेजारी बस आणि मास्तर खाकरले की माझा पदर धरून मला खाली ओढ. तुझ्या एका नजरेने अख्खा वॉर्ड गप पडून राहायचा, तिथे मी कोण लागून गेले! दोन-तीन सभा ओढलंस की मग माझी मी बसेन. तुझा तो मोठा थर्मास मात्र आणू नकोस. चहा मास्तरच करतील, आणि गाळायचा कसा ते मी खुर्चीतूनच ओरडून सांगेन.