म्हशीचे हुलगे

अणदूर, माघ वद्य पंचमी, फसली १३५१

चि. गिरिजास, आईचा पोटभर आशीर्वाद.

तर धा दिवसांमागं छकड्यातून सगळ्यांत आधी उतरल्या त्या आपल्या शिवम्माच्या आई. सुनेची आई म्हणल्यावर लाडू आलेच. त्यातला एक तुझ्या अप्पांनी दारातच खाल्ला, ते जाऊ दे. मागनं उतरली इहीणबाईंची भाची सत्यभामा. सोलापूरच्या दवाखान्यात नर्स हाय. हातात घड्याळ, अन् बोलायला लई फटकळ.

आपला नातू तवा महिन्याचा होता. कान थेट तुझ्यावाणी! पण रडायचा दिसभर. शिवम्माला दूधच उतरंना. म्या तर रिवाज मोडला नव्हता. बाळंतिणीला सव्वा महिना डाळ न्हाय, दाणे न्हाय. भाताची पेज अन् वर तुपाची धार. डाळीनं लेकराच्या पोटात वारं धरतं, असं माझी सासू सांगायची.

सत्यभामा चुलीपाशी आली. पातेल्यात हुलगे शिजत होते. म्हणली, "हे बरं केलं, काकू. शिवम्माला ना?"

"अगं न्हाय, म्हशीला. परवाच व्याली. हुलग्याबिगर दूध कसं देईल?"

पोरगी हसायलाच लागली. "म्हशीचं कळतंय, मग सुनेनं काय पाप केलंय? पेजेतनं दूध येतंय व्हय? डाळ, हुलगे, दाणे, दूध, ह्यानंच अंग भरतं. आईचं बी अन् लेकराचं बी."

इहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मला असा राग आला! पण पातेलं समोरच होतं गं. तेच हुलगे घोटून माडगं केलं, जिऱ्याची फोडणी दिली. शिवम्मानं वाडगा बोटानं पुसून घेतला अन् हळूच म्हणली, "आत्याबाई, अजून हाय का?" इतकी भुकेली होती, अन् महिनाभर एक शब्द बोलली नव्हती.

आता रोज माडगं, रोज वरण. नातवाच्या पोटात वारं न्हाय का बिरं न्हाय. पितो अन् झोपतो. मांडीला वळी पडलीय बघ! म्हैस तेवढी रुसलीय, तिच्या वाट्यात वाटेकरी आला म्हणून.

गिरिजा, शिवम्मानं अजून मागितलं तवा मला तुझा आवाज आला. तुझ्या बाळंतपणात तूबी डाळ मागितली होतीस. म्या ताट ओढून घेतलं. अन् तुझं दूध आटलं तवा चार बायांत बोलले, हिच्याच अंगात काय न्हाय. तुझी लेक कशानं गेली ते देवाला ठाऊक. पण ते बोल माझे होते. तीन सालं तू उंबरा चढली न्हायस. मी आपली लोकांना सांगते, जावई धाडत न्हायत.

तुझ्यात काय कमी नव्हतं, माये. म्याच तुला उपाशी ठेवलं.

सत्यभामाला घेऊन इहीणबाई परत येणार हायत. येत्या आयतवारी, आपल्या खंडोबाच्या वारालाच. तू बी त्याच दिवशी ये. ज्या बायांसमोर म्या तुला तसं बोलले, त्यांतल्या जेवढ्या गावात हायत, तेवढ्या जेवायला सांगते. त्यांच्यासमोरच तुला वाढीन अन् काय बोलायचं ते बोलीन.

तुझं ताट मांडून बसलेली,
आई