भुसा बंद होता ते दोन दिवस

सोमवार, ३ जून
नवऱ्यांच्या जाचातल्या बायकांसाठीच्या आमच्या ॲपमधला भुसा बंद केला. दोनच दिवस, बघू तरी. 'बॅटरी उतरते, बॅटरी उतरते' — बायकांचे फोन घेऊन कान किटले! संस्थेच्या मॅडमना विचारलं नाही. त्या नाहीच म्हणाल्या असत्या.

बुधवार, ५ जून
सकाळी परत चालू केला. कुणाला पत्ता नाही.

शुक्रवार, ७ जून
सतरा नंबर गप्प आहे. नावं आम्ही ठेवतच नाही, नुसते नंबर. नवरा कामावर गेला की रोज अकराला तिचा निरोप यायचा — 'आज हे बरे होते', 'आज ताट फेकलं'. बुधवारपासून काहीच नाही.

निरोप कुलूपबंद असतो, नवऱ्याला वाचता येत नाही. पण घरच्या वायफायवर कुठला फोन कधी किती चालला, ते त्याला कामावर बसून दिसतं. म्हणून तर भुसा! दर पाच मिनिटांनी फोन आपोआप आमच्याकडे एक पोकळ निरोप धाडतो, खऱ्याच्याच मापाचा. खरा त्यातल्याच एकाच्या जागी निघून जातो, बाहेरून काही कळत नाही. मी तेच पांघरूण ओढून घेतलं. दोन दिवस तिचे अकराचे निरोप उघड्यावर!

मॅडम म्हणाल्या, "सतराचं काय गं?" म्हटलं, "फोन चालू आहे, भुसा येतोय." खोटं नव्हतं. पण लाज वाटली.

रविवार, ९ जून
सुट्टी असून स्क्रीनसमोर. अकरा, अकरा-पाच, अकरा-दहा. भुसा, भुसा, भुसा. घरातून टोमणा — "त्या डबड्याशीच लग्न करायचं होतंस!" हसू आलं नाही. भुशाला माणूस लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी प्रत्येक ओळीला वाटतं, आहे ती.

मंगळवार, ११ जून
मॅडमना सांगून टाकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बॅटरी वाचवलीस," एवढंच म्हणाल्या. तिला शोधायचं तर पत्ताही नाही. ठेवायचा नाही, हे आम्हीच ठरवलेलं.

गुरुवार, १३ जून
सतरा संस्थेत आली! पिशवी घेऊन, स्वतःच्या पायांनी. "फोन घरीच आहे, कपाटामागे चार्जरला. तो बोलत राहतो ना, सहापर्यंत ह्यांना वाटेल मी घरातच आहे. ज्यांनी हे बनवलं त्यांचे फार उपकार." मॅडम माझ्याकडे बघत होत्या. तिचं डावं मनगट बांधलेलं होतं. मी विचारलं.

"हे मागच्या आठवड्यातलं, चार तारखेच्या मंगळवारचं. आले ते विचारतच — रोज अकराला कुणाशी बोलतेस?"

मग तिला सांगितलं, मी कोण ते.